कुत्र्याची एकादशी

आमच्या घरच्या कुत्र्याला विष्ठा खाण्याची सवय होती. ही हकीकत प्लेगच्या साथी ओसरल्यानंतरची आणि मार्शल लॉच्या आधीची आहे; सोलापुरात त्या वर्षांतल्या गोष्टींचा काळ असाच सांगतात.

कुत्रे घरात आले ते वडिलांच्या मागून. वडील जिल्हा कोर्टात तीस वर्षे नोकरी करून शिरस्तेदार म्हणून पेन्शनीत निघाले. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी ते नेहमीच्या वेळी जेवले, कोट घातला, पगडी चढवली, कोर्टाच्या फाटकापर्यंत चालत गेले आणि तिथून परत फिरले. मंगळवारी आणि बुधवारीही तसेच झाले. त्यांना कोणी काही विचारले नाही. गुरुवारी ते परत आले तेव्हा त्यांच्या मागे सहा पावलांवर एक तांबडे कुत्रे होते. त्याचा एक कान दुमडलेला होता आणि बरगड्या वर आल्या होत्या. वडील पायरीवर थांबले, मागे वळून पाहिले आणि म्हणाले, "या." कोर्टात पक्षकारांना ते याच स्वरात आत बोलावत असत.

शुक्रवारपासून फाटकाकडे जाणे बंद झाले. त्याऐवजी वडील सकाळ-संध्याकाळ तळ्याकडे फिरायला जाऊ लागले. कुत्रे सहा पावले मागे. वडिलांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवलेला मी कधी पाहिला नाही. त्याला नावही नव्हते. नाव ठेवले की ते घरचे होते, असे आत्याचे मत होते आणि आमच्या घरात आत्याचे मत हा निकाल असे. ती वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी वैधव्य आल्यापासून आमच्याकडे होती. तिचे सोवळे कडक होते, पण ते ती स्वतः पाळत असे. दुसऱ्यावर आरडाओरडा करताना मी तिला ऐकले नाही.

कुत्र्याने राहावे, पण घराच्या नियमाने राहावे, एवढीच तिची अट होती. घराचा नियम म्हणजे दूधभात, ताकभात आणि उरलेली भाकरी. सोमवारी एकभुक्त. एकादशीला सगळ्यांबरोबर उपास. त्या दिवशी त्याच्या वाट्याला एक उकडलेले रताळे येई. संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत काही नाही. सोमवार, एकादशी, प्रदोष आणि संकष्टी धरून महिन्यातले आठ-नऊ दिवस कुत्रे व्रतस्थ असे. यात कोणाला काही वावगे वाटले नाही. मलाही नाही. उलट पाहुणे आले की आई कौतुकाने सांगत असे, "आमचं कुत्रंसुद्धा एकादशी करतं."

आमची गल्ली विणकरांची होती. मोठ्या माणसांसाठी घरामागे टोपलीचे संडास होते. लहान मुले सकाळी पुढच्या दारी गटाराच्या कडेला ओळीने बसत. गिरणीचा पहिला भोंगा झाला की मुले बसत, दुसऱ्या भोंग्यापर्यंत उठत. या दोन भोंग्यांच्या मध्ये आणि नंतर आमचे कुत्रे गल्लीत फिरून येई. त्यावर घरात थेट बोलता येत नसे. आई "घाण" म्हणे, आत्या "तो प्रकार" म्हणे आणि वडील "सदर सवय" म्हणत. काही दिवस सगळ्यांनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

वटपौर्णिमेनंतर पाच दिवसांनी ते न पाहणे अशक्य झाले. आत्याचे सोवळे मागच्या पडवीत उंच काठीवर वाळत होते. त्याचे एक टोक वाऱ्याने खाली आले. कुत्रे नुकतेच गल्लीतून आले होते. त्याने ते टोक हुंगले आणि तोंड पुसल्यासारखे त्यावर दोनदा घासले. आईने ते पाहिले. तिने सांगितले नसते तर कोणाला कळले नसते, पण आईला खोटे वागणे जमत नसे. नळाचे पाणी तोवर गेले होते, घरात साठवलेले होते ते पिण्यापुरते. सोवळे पुन्हा धुता येईना, म्हणून आत्याला स्वयंपाकाला हात लावता येईना, म्हणून जेवता येईना. दुसऱ्या दिवशी नळ येईपर्यंत ती उपाशी राहिली. त्या दिवशी उपासाचा वार कोणताच नव्हता.

संध्याकाळी तिने वडिलांना समोर बसवले.

"श्रावणात पहिल्या सोमवारी तुझा मेहुणा टेंभुर्णीहून गाडी घेऊन दर्शनाला येतो," ती म्हणाली. "तोवर तो प्रकार सुटला तर कुत्र्याला राहू दे. नाही सुटला तर गाडीत घालून देऊ. तिकडं शेत आहे, मोकळं राहील बिचारं."

"बरं, आक्का," वडील म्हणाले. तिच्यासमोर त्यांनी आयुष्यात याहून लांब उत्तर दिले नव्हते.

आईने मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात सांगितले, "ते कुत्रं गेलं ना, तर हे पुन्हा फाटकापर्यंत जायला लागतील बघ."

हाताशी सहा आठवडे होते. वडिलांनी काम कोर्टाच्या पद्धतीने चालवले. मी त्या वेळी एका साप्ताहिकात मुद्रिते तपासत होतो आणि सकाळी मोकळा असे. गल्लीवर नजर ठेवून, कुत्र्याने सदर सवय किती वेळा आणि कोणत्या भोंग्याच्या सुमारास केली, ते जेवणाआधी तोंडी सांगावे, असा मला हुकूम झाला. ऐकीव सांगायचे नाही, पाहिले असेल तेवढेच सांगायचे. पुढे वर्तमानपत्रात मी जे काम केले त्याची तालीम इथे झाली.

पहिला उपाय तिखटाचा. आईने गेल्या सालचे तिखट काढून दिले. यंदाचे द्यायला ती तयार नव्हती. वडिलांनी डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोके पाडली आणि पहिल्या भोंग्यानंतर ते कोट-पगडीसह गल्लीत उतरले. गटाराच्या कडेने चालत प्रत्येक ठिकाणी थांबायचे, वाकायचे, तिखट भुरभुरायचे आणि पुढे जायचे. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हते. समन्स बजावणारा माणूस असाच दारोदार जातो.

शेजारीण माग थांबवून दारात आली. ती तेलुगू विणकराची बायको, चार मुलांची आई. त्या घरी पुढच्या खोलीत दोन माग होते आणि परसात सूत रंगवण्याच्या कढया होत्या. बाई हाताने कामसू आणि तोंडाने मोकळी होती. तिने वडिलांना दोन-तीन ठिकाणी थांबताना पाहिले, मग विचारले,

"अण्णा, नुसतं तिखटच? जरा मीठ पण घाला की."

वडिलांनी मान हलवली आणि पुढच्या ठिकाणी गेले.

कुत्रे सोलापूरचे होते, हे आम्ही लक्षात घेतले नव्हते. पहिल्या दिवशी ते शिंकले आणि त्याने खाल्ले. दुसऱ्या दिवशी ते शिंकले नाही. तिसऱ्या दिवशी ते वडिलांच्या मागे सहा पावलांवर चालू लागले. वडील थांबत तिथे ते बसे, वडील पुढे सरकले की उठे आणि आपले काम करी. मी तसे सांगितले. वडिलांनी झाकण आईला परत दिले.

नंतर त्यांनी मंगळवारच्या बाजारातून मुसके आणले. वासराने माती खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतात ती सुताची जाळी. ती कुत्र्याला नीट बसली. वासराला माती खाता येत नाही, कारण माती जाळीतून आत येत नाही. आमच्या गल्लीतला माल मऊ होता. कुत्रे जाळीसकट तोंड दाबी. काही आत जाई आणि उरलेले जाळीला लागून घरी येई. आजवर जे गल्लीतच संपत होते ते आता पडवीपर्यंत पोचू लागले. वडिलांनी ते मुसके स्वतः परसात राखेने धुतले. त्यांनी स्वतःच्या हाताने काही धुतल्याचे आईने लग्नानंतर प्रथमच पाहिले. ती मदतीला गेली नाही. तिने मला सांगितले की त्यांना राहू द्यावे.

मग गल्लीतल्या बायकांना विनंती करायचे ठरले. वडिलांनी शेजारणीच्या दारात उभे राहून सगळ्या बायकांसाठी म्हणून तिला सांगितले की मुलांना कृपा करून मागच्या दारी बसवावे. बोलणे मुद्देसूद होते. शेजारणीने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"म्युनिसिपालटीची गाडी दिवसातनं एकदा येते, अण्णा," ती म्हणाली. "तुमचं कुत्रं तीनदा येतं. सगळ्या गल्लीत तक्रारीला जागा नाही अशी एवढी एकच गोष्ट, आणि तुम्हीच बंद करा म्हणता?"

आतून तिची सासू तेलुगूत काही बोलली आणि दोन्ही माग एकदम थांबले. हसताना धोटा टाकता येत नाही. तरी बायकांनी वडिलांचा मान राखला. मुले हलली नाहीत, पण मूल उठले की त्याची आई त्यावर चुलीतली राख टाकू लागली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी कुत्र्याने राख उकरायला सुरुवात केली.

आत्याने आपल्याकडून कसूर केली नाही. दुपारी ती पोथी वाचत असे तेव्हा कुत्र्याने अंगणात बसावे असा तिने नियम घातला आणि कुत्रे बसू लागले. अध्याय संपला की ती दोन हात अंतर राखून पळीने वरून तीर्थ सोडी आणि कुत्रे ते बिनचूक तोंडात झेली. हा एकच उपाय कुत्र्याने पहिल्या दिवसापासून मनापासून स्वीकारला. सदर सवयीवर त्याचा काही परिणाम झाल्याचे मी पाहिले नाही आणि तसे सांगितले.

आषाढी एकादशीला माझी बातमी चार वेळांची होती.

"चार?" वडिलांनी विचारले.

"दोन पहिल्या भोंग्यानंतर, एक दुसऱ्यानंतर, एक नळ गेल्यावर."

बाकीच्या दिवशी दोन, फार तर तीन. प्रदोषालाही चार झाल्या होत्या. ही सगळी माहिती माझ्याजवळ होती, मी ती रोज चोख सांगत होतो आणि तिचा अर्थ मला लागला नव्हता. वडिलांनाही लागला नाही. ते रताळे घेऊन परसात गेले, कुत्र्यासमोर ठेवले आणि ते कुत्रे कसे खाते ते बराच वेळ पाहत उभे राहिले.

अर्थ दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराशी आला. संडासांच्या टोपल्या नेणारी बाई रोज तिथे येत असे. पन्नाशीची, उंच, बोलायला कमी. ती आली की आत्या दोन पावले आत सरके आणि काही सांगायचे असले तर आईमार्फत सांगे. त्या दिवशी बाईने टोपली खाली ठेवली आणि स्वतःहून विचारले,

"आईसाब, पुढच्या गटाराला तिखट कोन टाकत हुतं वं? माझे डोळे लई चुरचुरले. म्हागल्या म्हयन्यात दोन दिस दिसंना मला."

वडील तिथेच होते. गल्लीत तिखटाच्या मागून खराटा घेऊन कोणी तरी येते, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. त्यांनी ते आपले काम असल्याचे सांगितले आणि कारणही सांगितले. बाईने कुत्र्याकडे पाहिले. कुत्रे तिच्याजवळ जाऊन बसले होते.

"ह्याला मटन द्या की," ती म्हणाली. "उपाशी हाय ते."

आई म्हणाली की ते उपाशी नाही, दोन वेळा दूधभात खाते.

"दूधभातानं कुत्र्याचं काय व्हतंय? आमच्या वस्तीत ईस कुत्री असतील. हाडकं खात्यात. ह्याला एकबी तोंड लावत न्हाय." तिने टोपलीकडे बोट केले. "मी रोज हेच उचलती म्हनून सांगती. ह्या गल्लीत हे खानारं तुमचंच येक हाय."

टोपली उचलून ती गेली. आत्या आतल्या पायरीवर उभी होती. तिने सगळे ऐकले होते, पण ते आईमार्फत न आल्यामुळे ऐकल्याचे धरले नाही.

वडिलांनी तोंडी जबाबावर कधीच निकाल मानला नव्हता. दुसऱ्या दिवशी कोट घालून, कुत्र्याला वासराच्या दाव्याने बांधून ते गुरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. मी बरोबर होतो. तिथे एक बैल, दोन टांग्याची घोडी आणि आम्ही असे थांबलो. डॉक्टरांनी कुत्र्याचे दात पाहिले, पोट दाबले आणि खाणे विचारले. वडिलांनी क्रमवार सांगितले.

"एकादशीला काय?" वडिलांच्या बोलण्यात एकादशी आली तेव्हा डॉक्टरांनी विचारले.

"उपास."

"कुणाला?"

"घरात सगळ्यांना."

"कुत्र्याला?"

"घरात सगळ्यांना," वडील पुन्हा म्हणाले.

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. महिन्यातले असे दिवस किती, ते विचारले. वडिलांनी बोटांवर मोजून सांगितले. मग डॉक्टरांनी जंताचे एक औषध दिले आणि एका कागदावर इंग्रजीत लिहून दिले की या जनावरास दररोज मांस, काळीज किंवा हाडे द्यावीत. बाईने मागच्या दाराशी सांगितले तेच होते. फरक एवढाच की हे सरकारी कागदावर होते. वडिलांनी कागदाची चौघडी करून तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

घराशी आल्यावर आमच्या दारात न शिरता ते शेजारणीच्या दारात उभे राहिले. तिच्याकडे त्यांनी काय मागितले ते मी ऐकले. त्यांना "मांस" हा शब्द उच्चारता येत नव्हता. "तुमच्याकडचे जेवण" असे ते तीनदा म्हणाले. चौथ्यांदा शेजारणीला कळले.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मग इतके दिवस मसाला कशाला टाकत होता, अण्णा?"

अटी ठरल्या. कुत्र्याने तिच्या परसातच खायचे, इकडे काही आणायचे नाही आणि परत पाठवण्यापूर्वी तिने त्याचे तोंड धुवायचे. आत्याला सांगायचे की नाही हे ठरले नाही. वडिलांनी सांगितले नाही, एवढेच झाले.

चार दिवसांत माझी बातमी दोनवर आली, आठवड्यात एकवर आणि नंतर माझ्याजवळ सांगायला काही उरले नाही. कुत्रे पहिल्या भोंग्याला उठे, गटाराच्या कडेने सरळ चालत जाई आणि शेजारणीच्या परसात शिरे. ओळीने बसलेल्या मुलांकडे ते बघत नसे. एकच गोष्ट जाणवण्यासारखी होती. त्याचे तोंड शेजारीण हाताशी असेल त्या पाण्याने धुवी आणि तिच्या हाताशी बहुधा रंगाचे पाणी असे. सूत तांबडे रंगवायचे असले की आमचे कुत्रे तांबड्या हनुवटीने येई, हिरवे असले की हिरव्या. आत्याने विचारले. वडील म्हणाले, "शेजारच्या रंगाच्या पाण्यात तोंड जातं त्याचं." हे शब्दशः खरे होते.

आत्याने तीर्थ चालूच ठेवले होते. गल्लीतून येऊन कुत्रे आता शांत पडून राहते, हे तिने पाहिले होते. ती आईला एकदा म्हणाली, "गुण आला हो." आईने पातेल्यात बघत "हो, वन्सं" म्हटले. आईला खोटे वागणे जमत नसे, हे मी वर लिहिले आहे. त्या दिवशी तिच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडले.

आषाढी अमावास्येला शेजारणीकडे मोठा स्वयंपाक होता. श्रावणात त्यांच्याकडेही मांस बंद असे. महिन्याभराचे ते आदल्या दिवशी उरकून घेत. त्या दिवशी कुत्रे दुपारी गेले ते संध्याकाळी आले. पोट लोंबत होते. हनुवटी निळी होती. तोंडात काही असल्याचे कोणी पाहिले नाही.

श्रावणाच्या पहिल्या सकाळी आत्या तुळशीला पाणी घालत होती. माती उकरलेली दिसली म्हणून तिने ती सारखी करायला हात घातला आणि हात तिथेच थांबवला. मग तिने वडिलांना हाक मारली. मी पडवीत होतो. तुळशीच्या मुळाशी बकऱ्याच्या मांडीचे हाड निम्मे वर आले होते. कुत्रे हाक ऐकून वडिलांच्या मागून आले आणि त्या हाडाशेजारी बसले, म्हणजे चौकशीला जागा उरली नाही.

"हे कधीपासून?" आत्याने विचारले.

"एकादशी झाली, त्या आठवड्यापासून."

"आणि तो प्रकार सुटला तो?"

"तेव्हापासूनच, आक्का."

ती तुळशीकडे बघत राहिली. वडील आत जाऊन कागद घेऊन आले. तिला इंग्रजी येत नव्हते. तिने कागद पाहिला, शिक्का पाहिला.

"काय लिहिलंय?"

"औषध," वडील म्हणाले.

"तो डॉक्टर ब्राह्मण आहे?"

"विचारलं नाही."

आत्याने कागद परत केला. तेव्हा वडिलांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "सोमवारी गाडी येईल. पाठवून देतो." त्यांनी ते नेहमीच्याच स्वरात म्हटले. मग ते आत गेले, कोट घातला, पगडी चढवली आणि घराबाहेर पडले. सकाळची वेळ होती, पण ते तळ्याकडे वळले नाहीत. कुत्रे उठून निघाले, तर त्यांनी त्याला हाताने मागे थांबवले. दारातून आईला दिसले की ते कोर्टाच्या रस्त्याला लागले आहेत. तिने आत्याला तेवढेच सांगितले. "फाटकापर्यंत गेलेत, वन्सं."

आत्याने तुळशीची माती बदलून घेतली, स्नान केले आणि दिवसभर मौन धरले. दुपारी पोथीच्या वेळी कुत्रे अंगणात आपल्या जागी येऊन बसले. तिने अध्याय वाचला. शेवटी पळी उचलून ती थोडी थांबली, मग तीर्थ सोडले. कुत्र्याने झेलले. दिवेलागणीला ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसली.

"मला खोकला झाला होता त्या साली," तिने आईला विचारले, "डॉक्टरनं चमच्यानं काय दिलं होतं?"

आई गडबडली. घरात त्या गोष्टीचे नाव काढत नसत.

"ब्रँडी, वन्सं."

"आणि मी घेतली."

"घेतली."

"किती दिवस?"

"एकवीस."

आत्याने मान हलवली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराशी टोपलीवाली बाई आली तेव्हा आत्या आत सरकली नाही. अंतर राखले, पण उभी राहिली आणि आईला मध्ये न घेता बोलली.

"तुमच्यात श्रावण पाळतात का?"

बाईने इकडेतिकडे पाहिले. प्रश्न आपल्याला आहे याची तिने खात्री करून घेतली. "न्हाय, आईसाब. मिळंल तवा खातो."

"शेजारी महिनाभर बंद आहे. ह्याचं औषध मोडता कामा नये."

"आनीन की. व्हय, रोज आनीन." बाईने कुत्र्याकडे पाहिले. "पर माझ्या हातचं चालंल का?"

"कुत्र्याला?" आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्याला चालतं."

आमच्या घरात त्या बाईच्या हातचे खाणारे ते कुत्रे एकटेच होते. तिच्या डोळ्यांसाठी आईने त्याच दिवशी तिला गुलाबपाण्याची बाटली दिली. तिखट आईचेच होते.

सोमवारी मामा टेंभुर्णीहून गाडी घेऊन आले. दर्शन झाले, फराळ झाला. त्यांना निरोप पोचला होता, म्हणून त्यांनी गाडीत कुत्र्यासाठी कडब्याची जागा करून ठेवली होती आणि दोर आणला होता. बैल जुंपून झाल्यावर ते दारात आले आणि कुत्रे कुठे आहे असे त्यांनी विचारले. वडील उठून उभे राहिले. गेल्या तीन दिवसांत त्यांनी कुत्र्याला एकदाही "या" म्हटले नव्हते, सकाळ-संध्याकाळ एकटेच बाहेर जात होते. त्यांनी दोर घ्यायला हात पुढे केला.

"कुत्र्याला नेता येणार नाही," आत्या आतून म्हणाली. "ते आजारी आहे."

मामांनी कुत्र्याकडे पाहिले. ते पायरीवर उन्हात पसरले होते आणि शेपटी आपटत होते.

"चांगलं दिसतंय की, आक्का."

"सरकारी डॉक्टरचा कागद आहे. औषध चालू आहे त्याचं. आजाऱ्याला बैलगाडीत घालून दोन मुक्कामांच्या गावी पाठवायचं का?"

मामा मेहुण्याच्या घरी वाद घालणारे नव्हते. त्यांनी दोर गाडीत टाकला. वडील उभेच होते. आत्या दारापर्यंत आली आणि त्यांना म्हणाली, "आणि आजाऱ्याला उपास नसतो. आजपासून एकादशी बंद त्याची. हाड मात्र परसातल्या कोनाड्यात ठेवायचं. तुळशीत नाही."

"बरं, आक्का," वडील म्हणाले.

कुत्रे त्यानंतर आठ वर्षे जगले आणि आठही वर्षे आजारी होते. सदर सवय पुन्हा उद्भवली नाही. त्याच्या बरगड्या पुढे कोणाला दिसल्या नाहीत. त्याला पायरी चढताना दोनदा विसावा घ्यावा लागे. एकादशीला कोणी पाहुणा आला आणि कुत्रे भाकरी खाताना दिसले, की आत्या आपणहून सांगे, "त्याला बरं नसतं." पाहुणा कुत्र्याचा आकार बघून गप्प बसे.

वडिलांचे तळ्याकडे फिरणे शेवटपर्यंत चालू होते. सहा पावलांचे अंतर वाढत गेले. अखेरच्या वर्षी ते साठ पावलांचे झाले. वडील प्रत्येक वळणावर थांबत, मागे वळून पाहत आणि म्हणत, "या."